तबकडीतला गंधर्व

नागठाणे नावाची दोन गावे आमच्या मुलखात आहेत. एक साताऱ्याच्या दक्षिणेला, पुणे-बंगळूर रस्त्यावर. दुसरे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. मी पहिल्या नागठाण्याच्या पंचक्रोशीतला. सांगलीला शिकायला आल्यापासून एक गंमत पुष्कळदा अनुभवली आहे. कुणी वडीलधाऱ्या माणसाने गाव विचारले आणि मी नागठाण्याचे नाव घेतले, की त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटतो. मग मला खुलासा करावा लागतो, की ते नागठाणे हे नव्हे! तो आदर माझ्या वाट्याचा नसतोच. तो असतो नारायण श्रीपाद राजहंस ह्या माणसाच्या वाट्याचा, ज्याला सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो.

बालगंधर्वांना जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांना रंगमंचावर पाहिलेली माणसे आता आमच्या आसपास जवळजवळ उरली नाहीत. तरीही त्यांचा आवाज आमच्या खिशात आहे. मोबाइलवर नाव उच्चारावे आणि क्षणार्धात त्यांचे गाणे सुरू व्हावे, इतके ते सुलभ झाले आहे. हवे तेव्हा थांबवता येते, हवे तेव्हा पुढे सरकवता येते. ह्या सुलभतेचा विचार करताना माझ्या मनात एक प्रश्न घोळू लागला. एखाद्याचा आवाज इतका जवळ आला, म्हणजे तो माणूसही जवळ आला का? हा प्रश्न मोबाइलने जन्माला घातला असे आपण समजतो. पण बालगंधर्वांचे चरित्र वाचू लागलो आणि ध्यानात आले, की त्यांच्या आयुष्याला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा छेदून गेला आहे. आधी तबकडीच्या रूपाने, मग बोलपटाच्या रूपाने, आणि अखेरीस फार क्रूर रीतीने.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरात गाण्याची आवड होती, आणि मुलाचा गळा तर जन्मजात गोड. दहा वर्षांचा असताना, १८९८ साली, पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटले. ते नाव जन्मभर चिकटले. पण ह्या गंधर्वाचा एक कान अधू होता ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? लहानपणापासून कानाच्या दुखण्याने त्याला ऐकू कमी येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ह्या गुणी मुलाला उपचारासाठी मिरजेच्या मिशन इस्पितळात धाडले. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले हे इस्पितळ तेव्हा दूरवर ख्याती मिळवीत होते.

मिरजेला तो मुलगा कान दाखवायला आला आणि मिरजेनेच त्याला रंगभूमी दिली. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा अडचणीत होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि स्त्रीभूमिकेला शोभेल असा गाता नट मिळत नव्हता. १९०५ साली नारायण कंपनीत दाखल झाला आणि मिरजेच्याच रंगमंचावर शकुंतलेच्या वेषात प्रथम उभा राहिला. त्या मिरजेत आज त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे.

ह्या मातीत नाटक रुजलेलेच होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तेथून मराठी रंगभूमीची गणना होते. गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीशेजारच्या हरिपूरचे, तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे. ह्याच खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम रंगभूमीवर आले. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. त्या दिवशी सकाळी त्यांची तान्ही मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असे सर्वांनाच वाटले असणार. पण लोक लांबून आले आहेत, त्यांना विन्मुख पाठवायचे नाही, असे ठरवून नारायणराव रंगायला बसले. त्या रात्री भामिनी हसली, रुसली, गायिली.

ही कथा आपल्याकडे त्यागाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना थोडी भीतीही वाटते. घरी दुःखाचा डोंगर कोसळलेला असताना समोरच्या हजार अनोळखी माणसांशी ज्याचे नाते इतके बळकट असू शकते, त्या नात्याला म्हणावे तरी काय? प्रेक्षकांना ते मायबाप म्हणत, अन्नदाते म्हणत. एरवीही भेटेल त्याला देवा म्हणून हाक मारण्याची त्यांची रीत होती. हे केवळ तोंडचे बोल नव्हते. समोरची माणसे हेच त्यांचे खरे घर होते.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या साथीने त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. योगायोग असा, की त्याच वर्षी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट पडद्यावर झळकला. एका वर्षी ही दोन बाळे जन्मली. त्यांतले एक दुसऱ्याला पुढे गिळणार आहे, हे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या होत्या, आणि भास्करबुवा हे बालगंधर्वांचे गुरू. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ आले. पण ते पाहायला गडकरी उरले नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला होता. रुक्मिणीच्या भरजरी शालूत मिरवणारा हाच नट सिंधूच्या फाटक्या लुगड्यात उभा राही आणि थिएटर हुंदके देऊ लागे. पुण्या-मुंबईच्या बायका त्यांची नेसण पाहून लुगडे नेसत, त्यांच्यासारखा गजरा माळत. पुरुषाकडे पाहून बायकांनी बायकी शृंगार शिकावा, ही जगाच्या रंगभूमीवरही दुर्मीळच गोष्ट म्हटली पाहिजे.

आता वाचकहो, त्या काळचा एक प्रयोग जरा डोळ्यांसमोर आणा. रात्री नाटक सुरू व्हायचे ते पहाटेपर्यंत चालायचे. ध्वनिक्षेपक नावाची चीज नव्हती. पहिल्या रांगेतल्या संस्थानिकाला आणि शेवटच्या पिटातल्या हमालाला एकाच उघड्या गळ्याने भिजवायचे होते. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँ यांचा तबला. पद सुरू झाले, एक जागा सुंदर आली, की प्रेक्षागृहातून दाद उठे. त्या दादेने गाणारा फुले, तीच जागा निराळ्या वळणाने पुन्हा घेई. मग वन्समोअर! दुसऱ्यांदा म्हटलेले पद पहिल्यासारखे नसे. तिसऱ्यांदा ते आणखी निराळे होई. एकेक पद लांबत जाई, आणि कथानक बिचारे कोपऱ्यात थांबून राही.

नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा दोष होय, आणि टीकाकारांनी तो दाखवूनही दिला. पण मला ह्यात एक वेगळेच मर्म दिसते. ते गाणे एकट्या बालगंधर्वांचे नव्हतेच. अर्धे गाणे समोरचे लोक गात होते, न गाता! कुणाची मान कुठे डोलली, कोण कुठे चुकचुकले, कुठे सारे थिएटर श्वास रोखून बसले, हे त्या गायकाला दिसत होते, आणि त्याप्रमाणे स्वर वळत होता. ज्याला कानाने कमी ऐकू येई, तो माणूस समोरच्यांचे मौन मात्र अचूक ऐकत असे. जवळीक म्हणतात ती हीच असावी. ती एका बाजूने देता येत नाही. ती दोन्ही बाजूंनी, त्याच ठिकाणी, त्याच क्षणी घडावी लागते.

८ जुलै १९२१ च्या रात्रीचा संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग तर दंतकथाच होऊन बसला आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत तो झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, आणि गंधर्व भामिनी. दोन कंपन्या, दोन प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते हट्टाला पेटलेले. पण रंगमंचावर ते दोघे एकमेकांचे गाणे ऐकत होते आणि त्याला उत्तर देत होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. त्या रात्रीचे मुद्रण कुणी केलेले नाही. जे होते ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिले आणि त्यांच्याबरोबर संपले.

ह्याच सुमारास कंपनीवर लाखाच्या वर कर्ज असल्याचे उघडकीस आले. उंची शालू, खरे दागिने, अत्तराचे फवारे, शंभरावर माणसांच्या पंगती! नारायणरावांना हिशेब कधी जमला नाही. चाहते वर्गणी काढून कर्ज फेडायला पुढे झाले, तेव्हा त्यांनी ती मदत घेतली नाही. गाऊनच ते फेडायचे असे ठरवले, आणि पुढच्या काही वर्षांत गाऊनच ते फेडले.

आता ह्या गोष्टीत यंत्राचा प्रवेश होतो. खरे तर तो आधीच झाला होता. कलकत्त्याच्या गोहरजानचे गाणे १९०२ साली तबकडीवर उतरले आणि मग हळूहळू हिंदुस्थानातले बहुतेक नामवंत गवई त्या वाटेने गेले. बालगंधर्वही गेले. सुरुवातीच्या काळात गायकाला एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गावे लागे. त्या आवाजाने पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढी. पुढे १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि भोंगा गेला. पण एक बंधन कायम राहिले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत.

विचार करा! ज्या पदाला थिएटरात अर्धा तास पुरत नसे, ते तीन मिनिटांत उरकायचे. समोर मायबाप नाहीत, चार भिंती आहेत. दाद नाही, वन्समोअर नाही. तान घ्यावी तर घड्याळाकडे पाहून घ्यावी. आणि गंमत अशी, की ह्या तुरुंगातही त्या माणसाने असे काही गायिले आहे, की आजही ऐकताना अंगावर काटा उभा राहतो. तीन मिनिटांत एकही स्वर वाया गेलेला नाही. तबकडीने त्यांचा विस्तार हिरावून घेतला हे खरे. पण त्यांच्या गाण्याचा अर्क काढून ठेवला, हेही तितकेच खरे आहे.

यंत्राला नुसते दोष देणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही. गंधर्वांच्या नाटकाचे तिकीट कुणाला परवडत होते? कंपनी मोठ्या शहरी मुक्काम करी. आमच्याकडच्या खेड्यातल्या माणसाला सांगली-मिरज गाठायची, म्हणजे बैलगाडीने स्टेशन, मग रेल्वे, मग रात्रीचे जागरण आणि दुसऱ्या दिवशीचा बुडालेला रोजगार. बाईमाणसाला तर ते बहुधा अशक्यच. माझ्या आजीचे वडील कऱ्हाडकडचे. ते ओगलेवाडीच्या स्टेशनावरून गाडीत बसून मिरजेला नाटकाला जात, असे आजी सांगते. तिची आई मात्र एकदाही गेली नाही. तिने बालगंधर्व ऐकले ते गावातल्या एका सधन घरच्या फोनोवर. ओसरीवर पुरुष बसत, बायका माजघराच्या दाराआड उभ्या राहून ऐकत. ती तबकडी नसती, तर त्या दाराआडच्या बायकांपर्यंत गंधर्वांचा स्वर कधीच पोहोचला नसता. त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे केवढी कृपा होती!

आणखीही एक गोष्ट आजी सांगते. तिच्या वडिलांना तबकडी फारशी रुचत नसे. तीच तबकडी दहा वेळा ऐकली तर दहाही वेळा ती हरकत तिथेच येते, ह्याचे त्यांना वाईट वाटे. थिएटरात ती कुठे येईल हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसायचे, म्हणत. एकाच घरात नवऱ्याला जी गोष्ट उणी वाटत होती, ती बायकोला आयुष्यभर पुरली. ह्या दोघांत कोण बरोबर होते? मला वाटते दोघेही. ज्याने मूळ अनुभवले त्याला छाया अपुरी वाटणारच, आणि ज्याला मूळ मिळणारच नव्हते त्याने छायेत विसावा घेतला तर त्यात गैर काय?

१९३१ साली ‘आलम आरा’ने पडदा बोलका केला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा मराठी बोलू लागला. नाटकाच्या चौपट स्वस्ताईत गाणी, नाच, राजवाडे, नद्या आणि डोंगर दिसू लागल्यावर नाटक कंपन्यांचे काय होणार? एकेक मंडळी बंद पडू लागली. थिएटरांची चित्रपटगृहे झाली. १९३४ च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीनेही दार लावले. नारायणराव पुण्याला प्रभात कंपनीत दाखल झाले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ ह्या १९३५ सालच्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. स्त्रीवेषाने ज्याला कीर्ती दिली, तो नट आता पुरुषवेषात कॅमेऱ्यापुढे उभा होता. हा नवलाचा बदल त्यांनी सहन केला असता. पण खरी अडचण निराळीच होती.

कॅमेरा दाद देत नाही. तो डोलत नाही, रडत नाही, वन्समोअर मागत नाही. त्या काळी गाणे बहुधा चित्रणाच्या वेळीच मुद्रित होई. दिव्यांचा प्रखर उजेड, जमिनीवर आखलेली जागा, सुरू म्हटले की सुरू आणि पुरे म्हटले की पुरे. आजचे दृश्य मधले, उद्याचे शेवटचे, परवाचे पहिले. पन्नाशीकडे झुकलेल्या ह्या कलावंताला तिथे सगळे मिळाले. पगार मिळाला, मान मिळाला. माणसे मात्र मिळाली नाहीत. पुढच्याही चित्रपटांचा बेत ठरलेला असताना ते एका चित्रपटावर थांबले. १९३७ साली बाबूराव पेंटर यांनी मीराबाईवरचा चित्रपट त्यांना घेऊन केला, पण तोही जमला नाही. बुडत्या नाटकाकडे ते पुन्हा परतले. ज्यांना व्यवहार कळतो त्यांना हा वेडेपणा वाटला. मला त्यात आयुष्यभराची निष्ठा दिसते. प्रेक्षक समोर नसेल तर मी कुणासाठी गाऊ, हा त्या परतण्याचा अर्थ होता.

पण परतल्यावर काय झाले? येथे चरित्रातला सर्वांत दुःखद भाग सुरू होतो. शरीर थकले होते. वय लपत नव्हते. आणि घरोघरी तबकड्यांवर त्यांचा तरुण आवाज तसाच घुमत होता! माणूस म्हातारा होत होता, आवाज म्हातारा होत नव्हता. रसिक थिएटरात येत ते मनात तबकडी घेऊनच येत, आणि समोरच्या थकल्या माणसाला तिच्याशी ताडून पाहत. एखाद्या कलावंताला त्याच्याच तारुण्याशी रोज स्पर्धा करावी लागणे, ही गोष्ट यंत्रापूर्वीच्या जगात नव्हती. तानसेन म्हातारा झाला, तेव्हा त्याच्या तरुणपणीचे गाणे कुणाच्या दिवाणखान्यात वाजत नव्हते.

ह्याच काळात गोहर कर्नाटकी ह्या गायिका त्यांच्या आयुष्यात आल्या. गंधर्वांच्या ढंगाने त्या गात, त्यांच्या स्वतःच्याही तबकड्या निघालेल्या होत्या. १९३८ च्या सुमारास त्या कंपनीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. नारायणराव पुरुषभूमिका करू लागले. पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली निवर्तल्या. पुढे १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. अनेक चाहत्यांना हे रुचले नाही. ज्याच्या स्वरावर आपला हक्क आहे, त्याच्या घरावरही आपला हक्क आहे असे लोकांना वाटू लागते. आज प्रसिद्ध माणसांच्या खासगी आयुष्यावर मोबाइलवरून जो तो निवाडा देतो, ते पाहताना मला हे प्रकरण हटकून आठवते. स्वराची ओळख म्हणजे माणसाची ओळख, हा गैरसमज जुनाच आहे. साधने तेवढी नवी आहेत.

उतारवयात पायांनी साथ सोडली. खुर्चीवर बसून ते भजने म्हणत. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. सांगलीच्या नाट्यरसिकांनी विष्णुदास भावे गौरवपदक देण्याची प्रथा घातली, तेव्हा पहिला मान त्यांनाच दिला. आमच्या जिल्ह्याने एवढे तरी केले ह्याचे समाधान वाटते. पुण्यातल्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले. पण मानपत्रांनी चूल पेटत नाही. अखेरची वर्षे ओढगस्तीची आणि एकाकी गेली. १९६४ साली गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. ज्याचे नाव दारावर होते, तो माणूस आत यायला उरला नव्हता.

त्याच वर्षांत आमच्या भागात रेडिओ घरोघर होत होता. १९६३ साली आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. आजी तेव्हा शाळकरी मुलगी होती. रेडिओवर गंधर्वांचे पद लागले की घर स्तब्ध होई, असे ती सांगते. मी तिला एकदा विचारले, की तेव्हा ते जिवंत होते हे तुला ठाऊक होते का? ती जरा थांबली आणि म्हणाली, की नव्हते. गंधर्व म्हणजे कुणी फार पूर्वी होऊन गेलेले, असेच आम्ही धरून चाललो होतो. हे ऐकून मी सुन्न झालो. त्यांचा आवाज ऐकून डोळे पुसणारे घर, आणि तो आवाज ज्याचा, तो माणूस तेव्हा पुण्या-मुंबईकडे कुठेतरी एकटा बसलेला! आवाज येत होता म्हणून माणसाची आठवण येत नव्हती. मला आमच्या ह्या साऱ्या नव्या युगाचे कोडे त्या एका वाक्यात सापडले.

कारण आमचेही असेच होत चालले आहे. वसतिगृहातल्या माझ्या मित्राचे आईवडील माण तालुक्यात असतात. तो रोज रात्री त्यांना मोबाइलवर पाहतो, त्यांच्याशी बोलतो. रोज दिसतात म्हणून तो दिवाळीशिवाय घरी जात नाही. पूर्वी पत्र पंधरा दिवसांनी येई आणि मुलगा महिन्याने गावी जाई. पत्रातून आईचा चेहरा दिसत नसे, म्हणून तो पाहायला जावे लागे. आज चेहरा दिसतो, आणि जाणे राहते. पडद्यावर आई हसते. तिचा गुडघा दुखतो, हे पडद्यावर दिसत नाही. कारण ती मोबाइलसमोर बसलेली असते, चालत नसते!

तरीही मी यंत्राचा कैवार सोडणार नाही, आणि त्याला माझे स्वतःचे कारण आहे. २०२१ च्या मे महिन्यात माझे आजोबा कोरोनाने एका इस्पितळात होते. आत कुणाला सोडत नव्हते. तिथल्या एका परिचारिकाताईंनी आपला मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि आजीने त्यांच्याशी बोलून घेतले. आजोबांना बोलता येत नव्हते. आजीने शेवटी त्यांना त्यांच्या आवडीचे एक नाट्यपद म्हणून दाखवले. तिचा गळा बेताचाच. आजोबांनी डोळे मिटून मान हलवली. ती दाद होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या दोन मिनिटांची किंमत कशात करायची? ते यंत्र नसते तर आजीला ती दादही मिळाली नसती. आणि तरीही आजी एवढेच म्हणते, की त्यांचा हात धरायचा राहिला.

मान हलली, हात राहिला. यंत्राची सारी थोरवी आणि सारी मर्यादा ह्यात आली. जिथे पोहोचणे अशक्य आहे, तिथे ते आपल्याला अर्धे का होईना पोहोचवते; त्यासाठी त्याचे ऋण मानावे. माजघराच्या दाराआडच्या बायकांसाठी तबकडी अशीच होती. पण जिथे पायी जाता येते, तिथेही आपण यंत्रालाच पाठवू लागलो, तर ते यंत्राचे पाप नव्हे. बालगंधर्व हयात होते त्या काळात त्यांच्या तबकड्या लावणारी हजारो घरे महाराष्ट्रात होती. त्यांतल्या थोड्या घरांनी जरी त्यांच्या दाराशी जाऊन चौकशी केली असती, तर अखेरची वर्षे इतकी ओकी गेली नसती.

२०११ साली बालगंधर्वांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, आणि माझ्या वयाच्या पुष्कळांना ते त्या चित्रपटामुळेच ठाऊक झाले. ज्या पडद्याशी त्यांचे कधी पटले नाही, त्यानेच त्यांना नव्या पिढीपर्यंत आणावे, हाही काळाचा विनोदच! त्यात मला कटुता वाटत नाही. त्यांचे गाणे मोबाइलवर जरूर ऐकावे, मीही ऐकतो. पण दर वर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमीदिनी, सांगलीत भावे गौरवपदक दिले जाते, तेव्हा आपल्या महाविद्यालयातले चार-दोन तरी विद्यार्थी तिथे जाऊन बसावेत असे मला मनापासून वाटते. कुठल्याशा हौशी मंडळींचा प्रयोग लागला असेल तर तिकीट काढून पाहावा. नट चुकेल, पडदा अडकेल, मागच्या रांगेत मूल रडेल. पण एखादी जागा चांगली आली तर तुम्ही टाळी वाजवाल, आणि ती टाळी ज्याच्यासाठी आहे त्याला ती त्याच क्षणी ऐकू जाईल.